लहान लग्न, दोन घरे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्याने काढली त्याने दोन्ही कर्जे फेडलेली असावीत. कामगारांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. पगारवाढीची थकबाकी कामगाराच्या हाती पडली की ती कोठे गेली, असे विचारले तर पुष्कळदा एकच उत्तर येते : लग्नात. महिनाभराच्या संपाने मिळवलेले एका दिवसाच्या मांडवात जाते आणि पतपेढीचा हप्ता पुढे पाच वर्षे पगारातून कापला जातो.

यावर आम्ही वर्षानुवर्षे एकच उपाय सांगत होतो. नोंदणी कचेरीत सह्या करा, दोन हार घाला, पेढे वाटा आणि कामावर जा. हा उपदेश अपुरा होता, हे आम्हांला उशिरा कळले. आमच्या एका कार्यकर्त्याने तसे लग्न केले. सहा महिने त्याची आई कोणाच्या कार्याला गेली नाही. शेवटी तिच्या समाधानासाठी त्याने कर्ज काढून जेवणावळ घातली. म्हणजे खर्च टळला नाही, तो फक्त पुढे गेला. लग्नातून नुसते वजा करीत गेले की ते लहान होत नाही, ते उपाशी राहते.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक जोडपे सल्ल्याला आले. मुलगा साताऱ्याकडच्या मराठा घरातला, मुलगी वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली. दोघेही ठाण्यात नोकरीला. दोघांचीही मातृभाषा मराठी, पण विधी निराळे. दोघांनाही धर्म बदलायचा नव्हता, मोठा खर्च करायचा नव्हता आणि कोणाला दुखवायचे नव्हते. त्यांच्या निमित्ताने जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो.

आधी कायदा पाहू. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांतील लग्नांपुरती मोकळीक दिली. १९५४ च्या कायद्याने ती अट सर्वांसाठीच काढून टाकली. आज या जोडप्याला आपले घर नाकारावे लागत नाही.

या कायद्याची रीत सोपी आहे, पण तिला वेळ लागतो. मुलाचे वय २१ व मुलीचे १८ पूर्ण हवे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची. ती कचेरीत लावली जाते. हरकत आली नाही तर ३० दिवसांनंतर लग्न लागते. मात्र नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते झाले पाहिजे, नाहीतर नोटीस पुन्हा द्यावी लागते. म्हणून तारीख या दोन मुदतींच्या मध्ये धरावी. कायम राहणे दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कचेरीतही जाते. तेव्हा घरच्यांना ही बातमी सूचनाफलकावरून कळू देऊ नये. आधी आपण तोंडाने सांगावी.

पुष्कळांना ठाऊक नसते की हाच कायदा म्हणतो, लग्न कोणत्याही पद्धतीने लावा. अट एवढीच की विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द आपल्याला समजणाऱ्या भाषेत उच्चारले पाहिजेत. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरील दुसऱ्या जागी बोलावण्याचीही सोय आहे. तिची चौकशी नोटीस देतानाच करावी. दोघे हिंदू असतील आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न करणार असतील, तर मात्र नुसती नोंदणी पुरत नाही. दोहोंपैकी एका पक्षाचे रूढ विधी व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

आता घरांकडे वळू. आम्ही दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना संघटनेच्या कचेरीत एका टेबलाशी बसवले. वाटाघाटी आम्हांला नव्या नाहीत. येथे फक्त कोणी मालक नव्हता. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : “कोणती एक गोष्ट झाली नाही तर हे लग्न झाले असे तुम्हांला वाटणार नाही?” बँड, घोडा, मानपानाच्या साड्या यांचे नाव कोणीच घेतले नाही. मुलाची आजी म्हणाली, “देवक बसल्याबिगर लगीन कसलं, भाऊ?” त्यांच्या देवकात उंबराची डहाळी असते. मुलीची आत्या म्हणाली, आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणायचे, तेवढे राहू नये. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. उंबर दोन्ही घरी निघाला! पुढची बोलणी आम्हांला करावीच लागली नाहीत.

पाहुण्यांची यादी करताना एक कसोटी ठेवली. ज्यांना लग्नानंतर महिन्याभरात घरी चहाला बोलावू, त्यांनाच लग्नाला बोलवायचे. तीनशेंची यादी चौसष्टांवर आली. खर्च एकाच वहीत लिहिला आणि दोन्ही घरांनी निम्मा निम्मा उचलला. हुंडा तर गुन्हाच आहे, पण ‘मुलीकडचे’ म्हणून जो अर्धा-पाऊण खर्च मुकाट्याने अंगावर पडतो तोही तितकाच अन्यायाचा.

एक गोष्ट कामगारांचा माणूस म्हणून सांगतो. स्वस्त लग्न पुष्कळदा बायकांच्या फुकट कष्टांवर उभे राहते. मांडवात टाळ्या वाजत असतात आणि वधूची मावशी चुलीपाशी घामाघूम झालेली असते. म्हणून येथे आचारी व वाढपी लावले आणि त्यांची मजुरी त्याच संध्याकाळी हातावर ठेवली. पंगतीत पुरणपोळीशेजारी वसईचे फुगे होते.

साधेपणा ही काही आजची टूम नव्हे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पुरोहितावाचून लग्न लावले होते आणि त्यात वधूवरांनी एकमेकांना वचन देण्याला महत्त्व होते. त्या रीतीला धरून या दोघांनी आपली वचने स्वतः लिहिली. ती मराठीतच होती, त्यामुळे दोन्ही आज्यांना समजली.

लग्न लहान करायचे म्हणजे काय काढून टाकायचे, असे आम्ही पूर्वी विचारीत असू. आता काय ठेवायचे, असे विचारतो. ठेवण्याजोगे फार थोडे निघते आणि त्याला कर्ज लागत नाही. ज्याच्या घरी या वर्षी कार्य असेल त्याने तारीख धरण्यापूर्वी हा प्रश्न घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारावा आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.