सर्व्हर डाऊन? आधी आम्हाला विचारा!

रिझल्टच्या दिवशी स्क्रीनवर गोल गोल फिरणारं ते चक्र आठवतंय? ऑफिसात सिस्टिम हँग झाली की आपण आयटीवाल्याला फोन लावून मोकळे होतो. कॉलेजात असताना असा नंबर होता तुमच्याकडे? आणि ‘ही सिस्टिम तुम्हाला कशी हवी?’ असं कुणी विचारलं होतं? मालवणीत सांगायचं तर, ‘आमका कोणी इचारल्यानच नाय!’

मालवणी उगाच नाही आठवली. मुंबई युनिव्हर्सिटीचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, तब्बल सात जिल्ह्यांत. त्यात कुडाळ तालुक्यातलं वालावल. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तलाव, माडांची गर्दी. टूरिस्टसाठी एकदम झक्कास! पण समजा, इथून कुडाळच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाची मार्कशीट अडकली, तर? रत्नागिरीचं उपकेंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आणि कलिनाचं परीक्षा भवन म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. चर्चगेटच्या मुलासाठी वेबसाइट ही सोय असेल, वालावलच्या मुलासाठी मात्र तीच युनिव्हर्सिटी असते.

न विचारण्याची किंमत काय, हे 2017 साली सगळ्यांनीच पाहिलं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती, पण घाई भयंकर. लॉगिन होत नाही, ट्रेनिंग अपुरं आहे, असं प्राध्यापक सांगत राहिले. काही उत्तरपत्रिका तर सापडेचनात. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची डेडलाइन हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि पुढच्या अ‍ॅडमिशनसाठी थांबलेल्या मुलांचे हाल झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. बॉस, चार कॉलेजांत आधी ट्रायल घेऊन तपासणाऱ्यांना ‘कुठे अडलं?’ एवढं विचारलं असतं, तर निम्म्या अडचणी तिथेच कळल्या असत्या.

आता म्हणाल, फीडबॅक तर घेतात की! घेतात. नॅकने 2017च्या नव्या पद्धतीत विद्यार्थ्यांचा सॅटिस्फॅक्शन सर्व्हे आणला. त्यात कॉम्प्युटर-प्रोजेक्टरचा प्रश्न होता, पण तो किती शिक्षक शिकवताना अशी साधनं वापरतात याचा. फॉर्म भरताना पेमेंट अडकलं तर पैसे परत कधी मिळाले, हॉलतिकिटावरचं चुकलेलं नाव किती दिवसांत सुधारलं, हे त्यात कुठून येणार?

अमेरिकेत ‘टेकक्वॉल प्लस’ नावाचा सर्व्हे आहे, खास कॅम्पसवरच्या आयटी सेवांसाठी. त्याची आयडिया मस्त आहे. प्रत्येक सेवेसाठी तीन आकडे मागतात : किमान किती चालेल, किती हवं आणि प्रत्यक्षात किती मिळतंय. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ला माणूस सवयीने ‘हो’ म्हणून जातो. इथे मात्र मिळणारं ‘किमान’च्याही खाली गेलं की लगेच दिसतं, पहिला पैसा कुठे खर्च करायचा ते!

पण नुसता ऑनलाइन फॉर्म टाकला की झालं, असं नाही हं. ज्याचं नेट चालतं तोच तो भरणार! ज्याची रेंज पावसात गायब होते, त्याची तक्रार मोजलीच जाणार नाही. आणि अ‍ॅडमिशनचा सीझन म्हणजे जून-जुलै, कोकणातला ऐन पावसाळा. त्यामुळे कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या कॉलेजांत कागदावरचे फॉर्म वाटायला हवेत. जोडीला ऑफिसातल्या क्लार्कशीही बोलायला हवं. पोर्टल कुठे दगा देतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांना मात्र सर्व्हेत कुणी धरतच नाही.

कायद्यात जागा आहे, बरं का. महाराष्ट्राच्या 2016च्या विद्यापीठ कायद्यात चक्क माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे. आणि तुम्ही पास होऊन नोकरीला लागलात म्हणून तुमचा संबंध संपला, असंही नाही. सिनेटवर नोंदणीकृत पदवीधर 10 प्रतिनिधी निवडून देतात. मुंबईत ही निवडणूक सप्टेंबर 2024मध्ये झाली. टर्म पाच वर्षांची, पण मतदार म्हणून नाव आधी नोंदवावं लागतं. पुढच्या वेळी कुणी मत मागायला आलं, तर वालावलच्या मुलाची मार्कशीट किती दिवसांत दुरुस्त होते, तेवढं विचारून बघा.