सोळा रंगांची ड्यूटी

सकाळी ६:३०. खाली ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे भर चौकात, बेडई-पुऱ्यांच्या कढया तापतायत आणि मी रात्रीचे लॉग चाळतोय. गोरखीमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची खोली, पूर्वेला खिडकी. सांभाळायचे सर्व्हर मात्र पुण्याच्या ऑफिसचे. या वेळेला टर्मिनलवर झेनबर्न. यानी नुरमिनेननं विम एडिटरसाठी केलेली रंगांची जुनी थीम: गडद राखाडी जमीन, वर जरा पिवळट पांढरी अक्षरं. लॉग वाचणं आधीच कंटाळवाणं, त्यात पोपटी आणि लालभडक कशाला?

९:००. मे महिन्यातलं ग्वाल्हेरचं ऊन. गडद स्क्रीनमध्ये कोडऐवजी माझंच तोंड दिसायला लागतं, म्हणून सोलराइज्डची उजळ बाजू लावतो. ईथन स्कूनोव्हरनं ही थीम २०११ साली आणली. पुस्तक कुणी भर उन्हात वाचत नाही, झाडाच्या सावलीत बसून वाचतो आणि तिथं कागद एवढा पांढराफटक दिसत नाही, असा त्याचा विचार. हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. इथं उन्हात पेपर उघडणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

११:१५. नव्यानं लागलेल्या मुलाचा पुण्याहून फोन.

"दादा, तुम्ही सांगितलेली गडद सोलराइज्ड थीम टाकली, पण फोल्डर निळे दिसेनात. फाइल कुठली, फोल्डर कुठला, काही कळत नाही."

"बोल्ड अक्षरं ब्राइट करायचं सेटिंग चालू असेल बघ."

"आहे चालू. त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. टर्मिनलकडे मूळचे सोळा रंगांचे कप्पे: आठ साधे, आठ ब्राइट. फोल्डरची नावं दाखवणारा प्रोग्रॅम नुसता "ठळक निळा" म्हणतो. निळा म्हणजे नेमका कोणता, ते थीम ठरवते. सोलराइज्डला जमिनीच्या आणि मजकुराच्याच आठ छटा हव्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा तिनं ब्राइटच्या कप्प्यांत भरल्या. त्यामुळे ठळक निळा मागितला की टर्मिनल ब्राइट निळ्याच्या कप्प्यात हात घालतं आणि तिथं निघतो साध्या मजकुराचा राखाडी. ब्राइट काळ्याचं तर विचारूच नका. गडद सोलराइज्डमध्ये तो आणि बॅकग्राउंड एकच, म्हणजे त्या रंगात छापलेलं सगळं गायब. झी-शेलमध्ये आपोआप सुचवणी देणारं प्लगइन मुळात तोच कप्पा वापरतं, आणि लोक म्हणतात प्लगइन बिघडलंय.

सेटिंग बंद केल्यावर त्याचे फोल्डर निळे झाले.

१:३०. जेवण. आई म्हणते, "दिवसभर त्या काळ्या पाटीकडे बघतोस, डोळे नाही का रे दुखत?" भेंडी वाढून घेतो.

३:३०. वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि राउटर; लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून ब्राइटनेस खाली. मंद थीमची खरी परीक्षा आत्ता होते. गडद सोलराइज्डचा मजकूर कसाबसा वाचता येतो, कोडमधल्या कॉमेंट पार विरघळतात. वेळ होता म्हणून आकडे काढले. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १ कॉन्ट्रास्ट. वेबच्या सुलभतेचे नियम साध्या मजकुराला निदान ४.५ मागतात. गडद सोलराइज्डचा मजकूर ४.७५ वर, काठावर पास. कॉमेंट २.८, सपशेल नापास. उजळ बाजूचा मजकूर ४.१. आणि मंद, मंद म्हणून मिरवणारं झेनबर्न? चक्क ७.६!

थीम करणाऱ्या बऱ्याच जणांची गल्लत इथंच होते, असं माझं मत. रंगाचा भडकपणा कमी करणं वेगळं आणि अक्षर-जमीन यांतला उजेडाचा फरक कमी करणं वेगळं. पहिल्यानं डोळ्यांना आराम मिळतो. दुसऱ्यानं माणूस स्क्रीनवर वाकतो आणि मान धरते. कॉमेंट तर मुद्दाम फिकट करायची पद्धतच पडून गेलीय, जणू त्या कुणी वाचायच्याच नाहीत. रात्री अडीचला सर्व्हर पडतो तेव्हा कोडपेक्षा आधी त्याच वाचाव्या लागतात.

६:००. वीज आली. चहाला बाड्यावर, टाउन हॉलसमोर. नेहमीचा मित्र, हातमागाच्या साड्यांचा धंदा, माझं रंगपुराण ऐकून म्हणाला, "मग मानमंदिर बघ की." बरोबर बोलला. किल्ल्यावरच्या त्या महालाच्या भिंतींचा दगड मातकट, म्हणून तर त्यावरच्या निळ्या फरशा आणि पिवळी बदकं एवढी उठून दिसतात. सगळी भिंत निळी केली असती तर बदकं कुणी पाहिली असती?

८:४५. ऑफिससाठी केलेली थीम उघडली. चूक दाखवायला लाल आणि इशाऱ्याला पिवळा, एवढेच दोन रंग जोरकस ठेवले. बाकीच्यांतला भडकपणा उतरवला, उजेड तसाच. ब्राइट काळा बॅकग्राउंडपासून सोडवून मधला राखाडी केला. कॉमेंट ४.६ वर नेल्या आणि बदल पाठवून दिला.

पाच मिनिटांत त्या मुलाचा मेसेज: "दादा, कॉमेंट आता स्पष्ट दिसतायत. निम्म्या जुन्या आणि चुकीच्या आहेत. उद्या काढू का?"

काढ म्हणालो.