संगणकावर जुळविलेल्या जुन्या मराठी लेखांचें वाचन

मोडी कागद हातीं आला असतां वळण अनोळखी असलें तरी अक्षर कागदावर आहे, इतका भरंवसा असतो. सन १९९० नंतर आमच्या उपनगरांत संगणकावर जुळविलेल्या मराठी मजकुराची गोष्ट निराळी आहे. फाइलींत अक्षर नसतें, अंक असतात. कोणत्या अंकाचें कोणतें अक्षर हा संकेत टंकांत, म्हणजे फॉन्टमध्यें, वेगळा राहतो. टंक हरवला कीं लेख मुका होतो.

मुलुंड येथील एका घराण्याचा कुलवृत्तान्त आमच्याकडे अशाच स्थितींत आला. छापील प्रतींत नसलेल्या दोन शाखांची वंशावळ केवळ एका फ्लॉपीवर होती. जुळणी पेजमेकरची, त्याची शेवटची, सातवी, आवृत्ति २००१ सालची. फ्लॉपी वाचणारें यंत्र अजून मिळतें, मजकूरही फाइलींतून अलग निघाला; परंतु पडद्यावर उमटल्या त्या अर्थशून्य रोमन अक्षरांच्या ओळी.

असें कां व्हावें ? इस्की नांवाचा भारतीय मानक संकेत (क्रमांक १३१९४, सन १९९१) वर्णानुसारी आहे. त्यांत 'क' चा अंक १७९. नागरी, गुजराती, बंगाली, कोणत्याही लिपींत तोच. 'धर्म' हा शब्द ध, र, हलन्त, म अशा उच्चारक्रमानें साठविला जातो. शिक्षा-व्याकरणाचा परिचय असलेल्या वाचकास ही व्यवस्था घरचीच वाटेल. आजच्या युनिकोडचा नागरी विभागही इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच बेतलेला आहे.

अक्षरजुळणीच्या दुकानांत मात्र टंकांचें राज्य होतें. तेथें अंक वर्णाला नसून आकृतीच्या तुकड्याला दिलेला असतो. 'धर्म' मध्यें आधीं ध, मग म, शेवटीं रफार. 'कवि' मध्यें क, मग वेलांटी, मग व. कृतिदेव टंकांत लिहिलेला 'भारत' शब्द टंकावांचून एच, के, के, जे, आर असा दिसतो. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याचा दंड, दुसरा के काना. दंड आणि काना यांस एकच खूण ! ह्रस्वदीर्घाची फारशी पर्वा न करणाऱ्या मोडी लेखकाशीं याचें नातें जुळतें. शिवाय एका कारखान्याच्या टंकाचा संकेत दुसऱ्याच्या टंकास लागू पडत नाहीं.

टंकाचें नांव फाइलींत बहुधा सांपडतें. तें न सांपडल्यास ज्ञातावरून अज्ञाताकडे जावें लागतें. आम्हीं छापील प्रत व फ्लॉपी यांतील समान परिच्छेद शेजारीं मांडले. 'गोत्र', 'पुत्र', 'जन्म' हे वारंवार येणारे शब्द प्रथम सुटले. परदेशांत 'अल्टिमा' (१९८१) सारख्या जुन्या संगणकीय भूमिका-खेळांचे संग्राहक याच युक्तीनें चालतात. पात्राजवळचीं सोन्याचीं नाणीं कमीजास्त करून खेळ दोनदां साठवावयाचा, आणि दोन फाइलींत कोणता अंक पालटला तें पाहावयाचें. इंटेलच्या वंशांतील यंत्रांवर तीनशें ही संख्या ४४, १ अशी असते. एक गुणिलें २५६ अधिक ४४. लहान स्थान आधीं ! शिलालेखांतील भूतसंख्या एकं स्थानापासून वाचणाऱ्यांस हें नवल वाटूं नये.

कुलवृत्तान्ताच्या दोन्ही शाखा आतां वाचल्या गेल्या आहेत. दोन नांवांतील जोडाक्षरें संशयित राहिलीं. तेथें चौकटी कंसांत प्रश्नचिन्ह ठेविलें आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या काळच्या टंकफाइली असतील त्यांनीं फ्लॉपीबरोबर त्याही नकलून ठेवाव्या, आणि वेष्टनावर टंकाचें नांव शाईनें लिहावें.