दक्षिणेकडे तोंड करून बसलेलं घर

आपल्याकडे दक्षिणमुखी घर म्हटलं की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. लेहच्या आसपास थंडीचा विचार करून घर बांधणारा मात्र आधी दक्षिण कुठे ते बघतो. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. पाऊस नावापुरता, आकाश बहुतेक निरभ्र, आणि जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्याही जवळ जातो. दिवसा मात्र ऊन कडक. ते उजाडेपर्यंत पुरवायचं, हे या घराचं काम. मी थंडीत अशा एका घरी पाहुणा होतो. तिथे लक्षात आलं, की घराइतकीच ऊब सांभाळतात त्या घरच्या आजी, आमा-ले.

उजाडलं तरी आमा-ले पडदे उघडत नाहीत. आत जुनं कांबळं घालून शिवलेले जाड पडदे ते. ऊन डोंगरावरून उतरत काचेला भिडलं, की मगच सरकवायचे. आधी उघडले तर रात्रभर राखलेली ऊब काचेतून निघून जाते.

दक्षिण अंगाला शेलखांग, म्हणजे काचेची खोली. थंडीतला दिवस इथेच जातो. पालकाची वाफी, वाळत घातलेले कपडे, लोकर पिंजणाऱ्या आमा-ले आणि सुट्टीतला नातू. शेलखांग आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फूटभर जाडीची कच्च्या विटांची भिंत, उन्हाच्या बाजूने काळी रंगवलेली. तिला दोन झरोके, एक जमिनीलगत आणि एक छताखाली. उन्हं चढली की आमा-ले दोन्हींच्या लाकडी झडपा उघडतात. वरच्या झरोक्यापाशी हात धरला तर उबदार झुळूक लागते. खालच्यापाशी पाय नेला तर गार हवा शेलखांगकडे ओढली जाताना कळते. पंखा कुठेच नाही. तीनच्या सुमारास झडपा बंद. उघड्या राहिल्या तर रात्री हीच वाट उलटी चालते आणि घर गार पडतं.

भिंतीचं काम सावकाश. दुपारी तिच्या आतल्या अंगाला पाठ टेकवली तर ती गारच लागली. रात्री स्क्यू खाऊन तिथेच बसलो तेव्हा ती कोमट झाली होती. एवढ्या जाडीच्या मातीतून ऊब आरपार यायला आठ-दहा तास जातात, म्हणजे नेमकी हवी तेव्हा ती पोचते. काचेमागच्या अशा भिंतीला फ्रेंच अभियंते फेलिक्स ट्रॉम्ब यांचं नाव आहे. लेहजवळ फे गावातल्या सेकमोल संस्थेच्या मातीच्या इमारतीही उन्हावरच ऊब धरतात.

सूर्याचा हिशेब सोपा आहे. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी तो इथे क्षितिजापासून जेमतेम बत्तीस अंशांवर असतो. साडेसहा फूट उंचीच्या काचेतून ऊन दहा फूट आत पसरतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि छज्जा त्याला बाहेरच अडवतो. उत्तरेला मोठी खिडकी नाही. तिकडे धान्याची आणि सरपणाची कोठी, थंडीच्या आड उभी केलेली. छत पॉप्लरचे वासे, वर विलोच्या काटक्या, गवत आणि माती असं रचलेलं.

पहाटे घरात दहा अंश असत. स्वेटर काढायची सोय नाही, पण बादलीतलं पाणीही गोठत नाही. दोन-तीन दिवस ढग राहिले तर बुखारी, म्हणजे शेगडी, पेटवावीच लागते. एरवी उन्हाळाभर थापून वाळवलेलं शेण वाचतं, आणि ते गोळा करणाऱ्या बायकांची पाठही.

एके दिवशी आमा-ले लग्नाला गेल्या. सून लेहमध्ये नोकरीवर, मुलगा गाडी घेऊन बाहेर. झडपा रात्रीपर्यंत उघड्याच राहिल्या, पडदेही. आभाळ स्वच्छ असूनही त्या रात्री बुखारीत शेण घालावं लागलं. आमा-ले परतल्यावर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता झडपा लावायचं काम त्यांनी नातवाकडे सोपवलं.