सहलीआधी डासाचे वेळापत्रक

दिवाळीच्या सुटीत कॅडेट घरी येतात आणि आपण पालक त्या मोजक्या दिवसांत फराळ, नातेवाईक आणि सहल असे सगळेच कोंबतो. यंदा आमच्याकडे सहलीचा बेत जरा मोठा निघाला. माझ्या मेहुण्याने सुचवले, सगळ्यांनी मिळून सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जाऊ. चार रात्री जहाजावर, वाटेत मलेशियातले पेनांग आणि थायलंडमधले फुकेत, शिवाय आधी-नंतर मिळून दोन दिवस सिंगापुरात. बेत ऐकून घर खूश. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, तिकडे म्हणे डेंग्यू फार. पोराला कशाला नेता?"

प्रश्न माझ्याकडे यावा हे साहजिक होते. भिलाईच्या पोलाद वसाहतीत मी बरीच वर्षे डास-नियंत्रणाचे काम केले आहे. घरोघरी जाऊन कूलरच्या टाकीत टॉर्च मारायचा, अळ्या दिसल्या की टाकी ओतून द्यायची आणि घरमालकिणीची बोलणी खायची, हा माझा दिनक्रम. त्यामुळे सासूबाईंना दिलेले उत्तर जरा सविस्तर लिहून काढावे असे वाटले. आपल्या शाळेतली अनेक कुटुंबे सुटीत गोव्याला, अंदमानला, केरळला जातात. त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

"तिकडे डास आहेत का?" हा प्रश्न मुळात फारसा कामाचा नाही. डास इकडेही आहेत. विचारायचे ते असे की तिकडचा डास कोणता, तो कोणत्या वेळी चावतो, त्या वेळी आपण नेमके कुठे असणार, आणि चावलाच तर आपल्यापैकी कोणाला जास्त भोवेल.

मलेरिया पसरवणारी ॲनोफिलीसची मादी रात्रपाळीची. अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत ती चावते. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारी एडिसची मादी दिवसपाळीची. सूर्य वर आल्यावरचे दोन-तीन तास आणि मावळण्याआधीचे दोन-तीन तास हा तिचा जोराचा वेळ. तिच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, ती बहुधा घोट्याशी आणि कोपराशी चावते, आणि जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे किनारा मागे पडला, जहाज खुल्या समुद्रात आले की डासाचा प्रश्न जवळजवळ संपतो.

नेहमीच असे नव्हते, बरे का. शिडांच्या जहाजांवर पिण्याचे पाणी लाकडी पिंपांत भरलेले असे. एडिस त्या पिंपांतच अंडी घालत असे, तिची पोरे प्रवासातच मोठी होत आणि खलाशांना चावत. आफ्रिकेतला हा डास आणि त्याच्याबरोबरचा पीतज्वर अमेरिकेत पोहोचला तो असा, जहाजातून. आजच्या जहाजात पाणी बंद टाक्यांत असते आणि खोल्या वातानुकूलित असतात. बंदरात उभे असताना बाल्कनीचे दार लावून घेतले की पुष्कळ झाले.

आता आमच्या सहलीचे तास मोजू. पेनांग आणि फुकेतला जहाज साधारण सकाळी लागते आणि संध्याकाळी निघते. प्रवासी आठ-नऊला उतरतात, चार-पाचला परततात. रात्री सगळे समुद्रावर. ॲनोफिलीस कामाला लागते तेव्हा आपण तिच्या टप्प्यात नसतोच. एडिसचे मात्र उलटे. आपण बाजारात, देवळात, बागेत फिरणार ते नेमके तिच्या पाळीत. म्हणून या सहलीत धोका आहे तो डेंग्यूचा, मलेरियाचा जवळपास नाही. आणि तोही सर्वांत जास्त जहाजावर किंवा फुकेतला नसून सिंगापूरच्या दोन दिवसांत, कारण तिथे आपण सकाळपासून रात्रीपर्यंत जमिनीवर असू. सिंगापूर चकाचक आहे, घरात अळ्या सापडल्या तर तिथे दंड होतो, तरीही २०२० साली त्या एवढ्याशा देशात डेंग्यूचे ३५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. एडिसला गटार लागत नाही. फुलदाणीतले स्वच्छ पाणी तिला जास्त आवडते.

मलेरियाच्या गोळ्या बरोबर न्यायच्या का, असे मेहुण्याने विचारले. या सहलीला नकोत. सिंगापूरला १९८२ मध्येच मलेरियामुक्त देश म्हणून मान्यता मिळाली. मालदीवला २०१५ मध्ये आणि श्रीलंकेला २०१६ मध्ये. तिघेही विषुववृत्ताजवळचे, दमट, पावसाळी देश. "उष्ण प्रदेश म्हणजे मलेरिया" हे समीकरण इतके सरळ नाही.

याच चर्चेत एका काकांनी सुचवले, परदेशाचा धोका कशाला, आपल्याच बस्तरला जाऊ. चित्रकोट, तीरथगडचे धबधबे पाहू, जंगलात दोन रात्री राहू. बस्तर सुंदर आहे, मी स्वतः कितीदा गेलो आहे. पण फक्त मलेरियाचा विचार केला तर जंगलालगत काढलेल्या त्या दोन रात्री क्रूझच्या चार रात्रींपेक्षा जास्त जोखमीच्या. छत्तीसगडातला बहुतेक मलेरिया बस्तरच्या पट्ट्यात, तसा महाराष्ट्रातला गडचिरोलीत. जानेवारी २०२० पासून तिथे 'मलेरियामुक्त बस्तर' मोहीम सुरू झाली. ताप असो वा नसो, कर्मचारी आणि मितानीन ताई घरोघरी जाऊन प्रत्येकाचे रक्त तपासू लागल्या, आणि पहिल्याच फेरीत असे दिसले की मलेरिया निघालेल्यांत निम्म्याहून अधिक लोकांना काहीच लक्षणे नव्हती. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातून डास जंतू उचलतो, तो असा. मोहिमेमुळे रुग्ण बरेच घटले आहेत. बस्तरला जरूर जा, फक्त मच्छरदाणी न्या आणि परतल्यावर ताप आला तर रक्त तपासा.

मग घर तरी सुरक्षित का? २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपार आणि आसपासच्या वस्त्यांत घरटी तापाचा रुग्ण, रुग्णालयांत खाटा नाहीत, आणि मृत्यू झाले ते बरेचसे लहान मुलांचे आणि तरुणांचे. ते दोन महिने मी विसरू शकत नाही. त्या साथीत माझ्या मोठ्या मुलीलाही डेंग्यू झाला होता. ती पाचव्या दिवशी बसती झाली, आमचे नशीब. आमच्याकडे डेंग्यूचा मोसम पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत चालतो. म्हणजे सहलीला न जाता घरी बसलो तरी डेंग्यूची शक्यता शून्य होत नाही.

उलट सहलीमुळेच घरात एक नवी अडचण होते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. आम्ही आठ-नऊ दिवस घर बंद ठेवणार. एडिसच्या अंड्यातून पूर्ण डास व्हायला या हवेत तेवढेच दिवस लागतात. उन्हाळ्यातला कूलर आपण बंद करतो पण टाकीत पाणी राहते. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे जुने टायर, हे सगळे तिचे पाळणाघर. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी होऊनही महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. काथ्याने घासून टाकी उन्हात उपडी घालायची. विमानाच्या तिकिटाआधी मी हे काम यादीत लिहिले आहे, यावर आमच्या घरात अजून हसू चालू आहे.

आता कोणाला जास्त भोवेल, हा प्रश्न. इथे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता पहिल्यापेक्षा वाढते. म्हणजे ज्याला कधीच डेंग्यू झाला नाही त्या माझ्या मुलापेक्षा, एकदा होऊन गेलेल्या मुलीची मला जास्त काळजी. लोक नेमके उलटे समजतात, "हिला होऊन गेलाय, आता भीती नाही." भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, पण या सहलीसाठी आमच्या हाती लस नाही. मुलीशी बोलून ठरवले: ती येणार, पण बागा आणि धबधब्याच्या सहली सोडून शहरातल्या सहली घेणार, आणि तिच्या अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे असणार.

मेहुण्याच्या पत्नीला चौथा महिना आहे. तिथे प्रश्न झिकाचा. मोठ्या माणसाला झिकाने किरकोळ ताप-पुरळ येते, बऱ्याचदा तेही नाही. पण गर्भाच्या मेंदूची वाढ त्याने खुंटू शकते. झिका काही परदेशातच असतो असेही नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात सापडलेल्या रुग्णांत अनेक गर्भवती होत्या. तरी जिथे झिका फिरतो आहे तिथे हौसेने जाणे वेगळे. शक्यता थोडी, पण नुकसान झाले तर आयुष्यभराचे. अशा वेळी टक्केवारी मांडत बसू नये. त्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि त्या दोघांनी सहल पुढे ढकलली. बेत ज्याचा, तोच मागे राहिला.

कॅडेट मित्रांनो, तुमच्यासाठी एक लष्करी उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य जवान भारतीय होते, मराठा पलटणीही होत्या. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या दर एका जवानामागे १२० जवान आजारी पडून मागे जात होते, आणि त्यांत मलेरिया मोठा होता. औषध होते, मेपाक्रीनच्या पिवळ्या गोळ्या. पण जवान ती घेतातच असे नाही. स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. पलटणीत ९५ टक्क्यांपेक्षा कमी जवानांच्या रक्तात औषध सापडले की त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला पदावरून दूर. तीनच अधिकाऱ्यांना हटवावे लागले, तेवढ्यात बाकीच्यांना अर्थ समजला. स्लिम यांनी हे स्वतःच 'डिफीट इनटू व्हिक्टरी' या पुस्तकात लिहिले आहे. मलम पिशवीच्या तळाशी ठेवून फिरायला निघणाऱ्या आमच्या घरच्या पलटणीत ही जबाबदारी मी मुलाकडे दिली आहे. जहाजातून उतरण्याआधी तो सगळ्यांचे घोटे तपासेल.

मलमाबद्दल एवढेच की डीट किंवा पिकारिडिन असलेले घ्या आणि वेष्टनावर लिहिलेल्या तासांनी पुन्हा लावा. घामाने ते लवकर जाते. उन्हाचे क्रीम लावायचे असेल तर आधी ते, वर डासांचे. लसूण, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मनगटातले सुगंधी पट्टे यांवर विसंबू नका. आणि कोणाची क्रूझ आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेकडची असेल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. त्यात चूक काही नाही. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारी एडिस घरोघर आहे.

यातला शाळेशी सर्वांत जवळचा भाग परतल्यानंतरचा आहे. डास चावल्यापासून डेंग्यूचा ताप यायला बहुधा चार ते दहा दिवस लागतात, मलेरियाला निदान आठवडा, कधी काही महिने. म्हणजे सहल संपते, पोर हसत वसतिगृहात परतते आणि ताप चढतो तो तिथे. एम.आय. रूममध्ये मुलगा "थोडी कणकण आहे" एवढेच सांगतो, कारण मॅच चुकवायची नसते. या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. सकाळची पी.टी. आणि संध्याकाळचे गेम्स, दोन्ही हाफ पँटमध्ये, दोन्ही एडिसच्या वेळेत. त्याला चावलेल्या डासात विषाणू आठ ते बारा दिवसांत तयार होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच हाउसमधली इतर मुले आजारी पडू लागतात. तोवर पहिल्या मुलाची सहल कोणाच्या लक्षातही नसते.

म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि कुठे जाऊन आलो तेही सांगायचे. त्यावरून डॉक्टर डेंग्यूची एनएस-वन तपासणी आणि मलेरियाची तपासणी लगेच करू शकतात. एनएस-वन पहिल्या पाच दिवसांत जास्त भरवशाची. तोवर फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, ब्रुफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आजारी कॅडेट दिवसाही मच्छरदाणीत झोपलेला बरा, त्याच्यासाठी नव्हे तर इतरांसाठी. आणि ताप उतरला म्हणून सुटलो असे समजू नये. पोटात जोराने दुखणे, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गुंगी, ही डेंग्यूची धोक्याची चिन्हे नेमकी ताप उतरताना दिसतात. २०१८ मध्ये आमच्याकडे कितीतरी घरी "ताप गेला, आता बरा आहे" म्हणत मुलांना रुग्णालयात नेण्यात उशीर झाला होता.

सुटीवरून परतताना मुलाच्या सामानाच्या यादीबरोबर मी हाउसमास्तरांना एक चिठ्ठी देणार आहे: कोणत्या तारखेला कुठे होतो, आणि कोणत्या तारखेपर्यंत त्याच्या तापाकडे जास्त लक्ष ठेवावे. चार ओळींत मावते.