१४ एप्रिलचे सहासष्ट

१४ एप्रिल म्हटले की आम्हां इंदूरकरांचे मन प्रथम महूकडे धावते, आणि ते योग्यच आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली याच दिवशी तेथे झाला. परंतु याच तारखेला भारतभर आणखी एक स्मरण केले जाते, आणि त्याची माहिती पुष्कळशा सुशिक्षित घरांतही आढळत नाही. हा दिवस अग्निशमन सेवेचा. त्याचे मूळ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आहे.

साल १९४४, दुसरे महायुद्ध चालू होते. इंग्लंडहून निघालेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईस लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीस त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या भरल्या गेल्या. शिवाय तेल, लाकूड आणि मोडीचे लोखंडही होते. दारू आणि कापूस एकाच जहाजात! शांततेच्या काळात कोणी असे धाडस केले नसते. असे जहाज बंदरात आले म्हणजे धोक्याचा लाल बावटा चढवावा, असा संकेत असे. तोही चढविला गेला नाही.

१४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास जहाजातून धूर येताना दिसला. बंब धावले. जहाजावर स्फोटके आहेत हे अग्निशामकांना तेथे कळले. तरीही त्यांनी हातांतील नळ्या सोडल्या नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले, तरी आग विझेना.

असे का व्हावे? दाबून बांधलेली कापसाची गासडी भडकून जळत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते, आणि तिच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. धूर इतका दाट होता की आगीचे नेमके ठिकाणच सापडत नव्हते. त्यातच कापूस पाण्यावर तरंगतो. पाणी जसजसे चढू लागले, तसतशा पेटत्या गासड्या त्याच्याबरोबर वर, स्फोटकांच्या दिशेने, उचलल्या जाऊ लागल्या. आग विझविण्यासाठी ओतलेले पाणीच अशा रीतीने आगीचे वाहन झाले. जहाजाचे पत्रे इतके तापले होते की पाणी उकळू लागले.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या हादऱ्याची नोंद झाली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो बेघर झाली. मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स वाचले.

या जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्यांपैकी एक उडून सुमारे मैलभर दूरच्या एका घरात पडली, ही हकीकत अनेकांना ठाऊक असते; नळी धरून उभ्या असलेल्या सहासष्टांतील एकाचेही नाव मात्र सांगता येत नाही. आम्हांस हे खटकते.

आमच्या मातृभाषेत, कोकणीत, आगीला ‘उजो’ म्हणतात आणि प्रकाशाला ‘उजवाड’. चुलीपुरती ही सोयरीक गोड आहे. जुन्या लाकडी घरात मात्र आग निराळ्या रीतीने वागते. आपला राजवाडा सर्वांनी पाहिलाच आहे: खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ साली त्याला आग लागली तेव्हा नुकसान झाले ते मुख्यतः लाकडाचे. लाकडी तुळया ज्वाळांत बाहेरून आत जळत जाऊन क्षीण होतात. ज्वाळा शमल्यासारख्या दिसत असतानाच मजला खचू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी अग्निशामकास आत जावे लागते. कोणी अडकले आहे की काय, आग पुन्हा पेटेल की काय, हे बाहेरून समजत नाही.

मुंबईत काळबादेवी येथील एका जुन्या इमारतीत ९ मे २०१५ रोजी हेच घडले. रहिवासी बाहेर पडले होते. अधिकारी आत असताना इमारत कोसळली. संजय राणे व महेंद्र देसाई तेथेच गेले; सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात रुग्णालयात वारले. चौघेही हुद्द्याने मोठे होते, आणि आगीपासून दूर राहून हुकूम देण्याचा अधिकार त्यांना खचितच होता.

१४ एप्रिलपासून २० तारखेपर्यंत देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. मुंबईत भायखळा येथे अग्निशामक दलाच्या मुख्यालयात हुतात्म्यांचे स्मारक आहे. सुट्टीत मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी गेटवे पाहून झाल्यावर तिकडेही वळावे, आणि तेथे कोरलेली नावे सावकाश वाचावीत.