टॅपवरची बिअर वेगळी का लागते? आणि तिला पाणी किती लागते?

बाटलीतली बिअर छत्रपती संभाजीनगरला नवी नाही. वाळूज परिसरातले कारखाने ती वर्षानुवर्षे बनवतात. दूरच्या दुकानात महिनोन्‌महिने टिकावी म्हणून ती गाळून, तापवून निर्जंतुक केलेली असते. टॅपरूममध्ये मात्र बिअर टाकीतून थेट ग्लासात येते. बहुधा न गाळलेली, म्हणून गढूळ दिसते. ती खराब नसते. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ने ही चव आणली.

चार-पाच प्रकारांचे छोटे ग्लास मागवले, तर आधी हलकी गव्हाची बिअर घ्यावी. खरपूस भाजलेल्या माल्टची काळी स्टाउट शेवटी. उलट केले की गव्हाची पाणचट लागते.

तसे बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५०, मग ६० टक्के कपात करायला लावली, ती उगाच नव्हे. मोठ्या कारखान्याला लिटरभर बिअरसाठी साधारण तीन-चार लिटर पाणी लागते. छोट्या ब्रुअरीला अनेकदा त्याहून जास्त, कारण बिअर थोडी असली तरी टाक्या धुवाव्याच लागतात.